सहकाराची फोड

रत्नागिरीहून आलेल्या साहेबांनी देवळाच्या मांडवात 'सहकार' या शब्दाची फोड करून सांगितली. 'सह' म्हणजे सोबत, 'कार' आला 'कृ'वरून, म्हणजे करणे. संस्कृतातला शब्द! सगळ्यांनी माना डोलावल्या. सत्यवतीचं मात्र टाळकं फिरलं. नव्या मच्छीमार सोसायटीच्या यादीत तिचं नावच नव्हतं.

रापण म्हणजे अख्ख्या वाडीचं एक जाळं. घराघराने आपला तुकडा विणायचा, तुकडे एकमेकांना जोडायचे आणि किनाऱ्यावरून गड्यांनी मिळून ओढायचे. ज्याचा तुकडा, त्याचा मासळीत वाटा, मग तो जिवंत असो की मेलेला. सत्यवतीचा नवरा शंकर दोन वर्षांपूर्वी वादळात गेला. त्याचा तुकडा मधल्या पिशवीचा, जिथे मासळी गोळा होते. तो आता तीच विणायची, सांधायची. त्या वाट्यावरच तिची चूल पेटायची.

"दत्तारामभावोजी, माझा नाव खंय आसा?" तिने भर सभेत विचारलं.

दत्ताराम नवा चेअरमन. कालपर्यंत तिच्या पडवीत बसून पेज ओरपणारा. तो साहेबांकडे बघत शुद्ध भाषेत म्हणाला, "जे प्रत्यक्ष ओढतात, तेच सभासद." मग हळूच, "वैनी, तुका कायतरी दिव आमी. घराक जा."

कायतरी! मेला भीक घालणार होता, तीही तिच्याच जाळ्यातली. सत्यवतीच्या तळपायाची आग मस्तकात गेली.

ती घरी गेली नाही. थेट किनाऱ्यावर गेली. रापण वाळत पसरली होती. कमरेची कोयती काढून ती बसली आणि आपल्या तुकड्याचे जोड तोडू लागली. मागून काशीबाई आली, तीही विधवा, यादीबाहेरची. अडवायला आली असेल, असं सत्यवतीला वाटलं. काशीबाई आपल्या तुकड्यापाशी बसली आणि तिनेही जोड तोडायला घेतले.

पुरुष धावत आले. मागून धापा टाकत साहेब.

"अगो, काय केलंस ह्यां!" दत्ताराम किंचाळला.

"माझ्या घोवाचा जाळा घराक नेतंय."

"आता हे समुद्रात घालता येईल का?" साहेबांनी विचारलं.

सत्यवतीने जाळ्याचं ओझं डोक्यावर घेतलं. आज भावोजी म्हणायला तिची जीभ वळेना.

"दत्तारामा, तुमी ओढणारे मां? ओढा."

आणि चाळीस गडी मधल्या भगदाडाकडे बघत उभे राहिले.