कमरेचा पट्टा

आमचे हे, लालासाहेब, वीस वर्षं सैन्यात काढून आले. तिथे गोळीला भ्याले नाहीत, इथे भावकीला भ्याले.

पलटणीतल्या एका मिझो जोडीदाराबरोबर हे प्रार्थनेला बसू लागले आणि येशूचे झाले ते झालेच. पुढे मीही बसू लागले. पण कशी? आधी दाराला कडी, मग खिडकी बंद, आणि मगच डोळे मिटायचे. रहिमतपूरजवळचं आमचं गाव लहान. विहीर थोरल्या दिरांच्या, म्हणजे बाळासोंच्या आणि आमच्या सामाईकीची, पण मोटरीच्या खोलीची किल्ली त्यांच्या कमरेला. त्यांचं डोकं फिरलं तर आमचा ऊस वाळणार, हे सांगायला ज्योतिषी नको होता.

जत्रेत पालखीला पहिला खांदा द्यायचा मान आमच्या घराचा. बाळासोंचा पाय अधू, म्हणून तो मान ह्यांच्याकडे आला. ह्यांच्या मनाला ते पटेना आणि तोंडाने सांगवेना. त्यातून निघाला कमरेचा पट्टा. जत्रा आली की मी तो सदऱ्यावरून करकचून बांधायची, हे वाकून चालायचे आणि खांदा टळायचा. दर रविवारी सांगलीला प्रार्थनेला जायचे, तेही कमरेच्या उपचाराला म्हणून. सोंग इतकं वठलं की शेजारच्या राहीबाई शेकायला निर्गुडीचा पाला आणून द्यायच्या.

यंदा जत्रेच्या सकाळी देवळापुढे गेलो, तर पालखीशेजारी खुर्ची मांडलेली. तिच्यावर बाळासोंच्या घरातली उशी. बाळासो लंगडत पुढे आले.

"लाला, बस हितं. खांदा माजा पोरगा वीरधवल दील, तुज्या नावानं. तू नुस्ता हात लाव आन् नारळ फोड. तुजा मान आमी कुणाला घिऊ देनार न्हाई."

सुटलो बाई, असं मला वाटलं. मी ह्यांना कोपरानं ढोसलं. हे मात्र त्या उशीकडे बघत राहिले. मग त्यांनी पट्टा ओढला. चर्रकन आवाज झाला आणि हे ताठ उभे राहिले.

"दादा, माजी कंबर ठणठणीत हाय. मी तुमास्नी फशिवलं. मी येशूला मानतो, लय वर्सं झाली. तुमच्या देवाला मी नावं ठेवत न्हाई, पर हा मान माज्या हातनं व्हायचा न्हाई. वीरधवलला द्या, त्येच्याच नावानं."

ढोल थांबले.

"आन् माजा निर्गुडीचा पाला?" राहीबाई म्हणाल्या. कुणी हसलं नाही.

बाळासोंचा चेहरा पडला. "चारचौघांत मला येडं केलंस," एवढंच आधी म्हणाले. मग खुर्चीवरची उशी काढून काखेत मारली. "देव येगळा केलास न्हवं? मग पानी बी येगळं."

घरी येईपर्यंत मी ह्यांची बिनपाण्यानं केली. "आवं, आता उसाला काय प्रार्थना पाजायची?"

"पान्यापायी मी भावाला बी फशिवलं आन् देवाला बी," हे म्हणाले. "त्यानं माज्यासाठी उशी आनली गं."

माझा राग मात्र गेला नाही.

आमच्या पाण्याच्या पाळीच्या दिवशी मोटर सुरू झालीच नाही. पुढच्या पाळीलाही नाही. उसाची पानं करपायला लागली. रस्त्यात बायका माझ्याशी बोलेनाशा झाल्या, आणि ते मला उसापेक्षा जास्त लागलं.

एका संध्याकाळी हे प्रार्थनेला बसले. आमचं आणि दिरांचं अंगण एकच. समोरच्या कट्ट्यावर बाळासो पाय चोळत बसले होते. मी सवयीनं कडी लावायला उठले. भीती वाटत होती, खोटं कशाला सांगू? अजून काही उरलं असेल तर तेही जाईल, असं वाटत होतं.

आतून ह्यांचा आवाज आला. "प्रभू, दादाचा पाय लय दुखतोय. त्याला आराम दे."

उसाचं नाव नाही, पाण्याचं नाव नाही! मला संताप आला आणि रडूही आलं. मी कडी सोडली. दार सताड उघडलं, उंबऱ्याशीच बसले आणि समोर दिरांना ऐकू जाईल एवढ्या मोठ्यानं म्हणाले, "आमेन."