माळ्यावरचं मशीन

"पप्पा, एसीतला जुना गॅस तुम्ही कुठे सोडता?"

हा प्रश्न विचारायची पैज मैत्रिणींनी लावली होती. शाळेच्या पर्यावरण गटाची ही प्रमुख, आणि वडील एसी मेकॅनिक! विचारून दाखव म्हणाल्या, तर हिने जेवताना विचारूनच टाकलं.

घरात तिला सगळे रेडिओ म्हणत. सकाळी लागला की थेट झोपतानाच बंद. गेला महिनाभर या रेडिओने वैताग आणला होता. गीझरच्या बटणावर चिकटपट्टी, भाजी धुतलेलं पाणी कुंड्यांना, आणि आई पाणी प्यायला उठली तरी मागे पंखा बंद.

पप्पांनी घास सावकाश गिळला. "हवेत. सगळेच सोडतात."

गॅस ओढून सिलिंडरमध्ये भरायचं मशीन त्यांच्याकडे होतं. माळ्यावर, खोक्यात. तो गॅस हवेत गेला की पृथ्वी कशी तापते, हे तिने सगळ्यांचे हात वाळेपर्यंत ऐकवलं. शेवटी पप्पाच कावले. "रविवारी चल माझ्याबरोबर. मशीन घेऊ. मग बघ."

रविवारी एका घरी कॉम्प्रेसर बदलायचा होता, म्हणजे आधी आतला गॅस काढणं आलं. पप्पांनी नळ्या जोडल्या, मशीन घरघरू लागलं आणि हिची कळी खुलली. घराचे साहेब मात्र घाम पुसत डोक्यावर उभे. आधी घड्याळ पाहणं, मग उसासे, मग आधीच्या मेकॅनिकचं कौतुक. तो म्हणे चुटकीसरशी मोकळा व्हायचा. पप्पा आपले 'झालंच साहेब' करत राहिले.

"तुम्हाला येतं ना नक्की काम?" साहेबांनी विचारलं.

मुलीसमोर विचारलं. पप्पांचे कान लाल झाले. त्यांनी मशीन बंद केलं, नळी काढली आणि उरलेला गॅस सोडून दिला. फुस्स. तो आवाज संपता संपेना. आणि पंख्यापायी आईशी भांडणारा रेडिओ? पाना हातात धरून मुकाट उभा.

घरी आल्यावरही तो लागला नाही, तेव्हा आईने तिच्या कपाळाला हात लावून ताप पाहिला. पप्पा खोकं पुन्हा माळ्यावर चढवायला निघाले, तशी ती उठली आणि तिने खोकं घट्ट धरलं.

"वर नका ठेवू. पुढच्या रविवारीही मी येणार. तुम्ही मशीन चालवा, गिऱ्हाइकाशी मी बोलते."

"काय बोलणार?" पप्पांनी विचारलं.

"घरी बोलते तेच. मशीनचं काम होईपर्यंत."

"गिऱ्हाईक पळून जाईल," आई म्हणाली.

"जाईल कुठे? एसी त्याच्याच घरात असतो."

पप्पांनी खोकं दाराशी, चपलांशेजारी ठेवलं.

"आणि पप्पांना काम येतं का, असं कोणी विचारलं, तर त्यालाही मीच उत्तर देणार. माझं ठरलंय."