सुसरीचा वाटा

गावात कुणी जंगली किंवा धोकादायक प्राणी पाळला असेल तर त्याने पंधरा दिवसांत ऑनलाइन नोंदणी करावी, असं तालुक्याहून पत्र आलं. ग्रामपंचायतीचा संगणक मी चालवतो, त्यामुळे ते काम माझ्याकडे. पहिल्याच दिवशी एक अर्ज आला. मथुराकाकीने तो स्वतःच्या कोंबड्याविरुद्ध केला होता, कारण पोस्टमन दोन महिने तिच्या वाडीत फिरकला नव्हता. ग्रामसेवकांनी कोंबडा जंगली नसल्याचा शेरा मारला. काकी म्हणाली, मग तुम्ही एक रात्र त्याच्याबरोबर काढून बघा.

त्यानंतर आली ती तक्रार. खाडीच्या तोंडाशी नवीन रिसॉर्ट झालंय, त्यांनी लिहिलं होतं की विठोबा नावाच्या इसमाने सुसर पाळली आहे आणि ती पाहुण्यांच्या फोटोत येते.

विठोबाआजो आमच्या रापणीतला सगळ्यात जुना माणूस. जाळं होडीने समुद्रात सोडायचं आणि किनाऱ्यावरून दोन्ही दोर ओढायचे, ही रापण. ज्याने ओढलं त्याला मासळीचा वाटा मिळतो, मग तो वाटेवरचा पाहुणा का असेना. बारा वर्षांपूर्वी खाडीतली ही सुसर जाळ्यात अडकली आणि घाबरून किनाऱ्याकडेच धावली. तिच्याबरोबर जाळंही आलं. माणसं पळाली. आजोची बायको कृष्णाबाई तेवढी उभी राहिली आणि म्हणाली, "ओढल्यान न्हय? मगे तिका वाटो द्या." तेव्हापासून सुसरीचा वाटा वेगळा निघतो. कृष्णाबाई गेल्यावर हाक मारून तो टाकायचं काम आजोकडे आलं. घरी त्याची वाट बघणारं कुणी नव्हतं. खाडीवर होतं.

ग्रामसभेत आजोने ऑफिसची भाषा काढली. "सदर सुसर माझी नाही," इथवर आला आणि दमला. मग म्हणाला, "पाळूक ती काय मांजर आसा? तिका वाटो आसा. माका आसा तसो."

बत्तीस रापणकरांनी हात वर करून दुजोरा दिला. म्हाताऱ्याला वाचवल्याच्या आनंदात सगळे होते. ग्रामसेवकांनी ते इतिवृत्तात शब्दशः लिहिलं.

संचिता वनरक्षक आहे, आमच्याच तालुक्यातली, मनाने चांगली. तिने इतिवृत्त वाचलं आणि कपाळाला हात लावला. ती म्हणाली की पाळलेली सुसर आम्हाला न्यावीच लागते, वर गुन्हाही दाखल होतो. जंगली असेल तर जिथे आहे तिथे राहू देतो. पण रोज मासळी घालणं म्हणजे पाळणंच. ती इथेच राहायला हवी असेल तर वाटा बंद करायचा आणि तसं लिहून द्यायचं.

ते मी टाइप केलं. 'सदर प्राण्याशी माझा कोणताही संबंध नाही व यापुढे राहणार नाही.' आजोने सही करायला वेळ घेतला. त्याने विचारलं, "ह्या लिवल्यार ती हयच रवतली मां?" मी हो म्हणालो. माझ्या हातात तेव्हा पंचायतीचा शिक्का होता.

दुसऱ्या दिवशी वाटा निघाला नाही. सुसर पाण्याच्या कडेला येऊन थांबली. बत्तीस माणसांनी सरकारी आदेशानुसार तिच्याकडे पाठ केली. आजोनेही केली, पण त्याची मान सारखी वळत होती. चौथ्या दिवशी ती वाळूत वर आली. नवव्या दिवशी ती रिसॉर्टच्या स्वयंपाकघरामागे गेली, कारण मासळीचा वास तिकडून येत होता, आणि मॅनेजरचा कुत्रा घेऊन परत आली.

पंचायतीची तातडीची बैठक झाली. सुसर जंगली असल्याचं आम्ही आधीच लिहून दिलं होतं. आता ती धोकादायकही ठरली.

पिंजरा आला. त्यात कोंबडी टांगली. सुसर तीन दिवस त्याकडे फिरकली नाही. बारा वर्षं ती हाकेवर येत होती, कोंबडीवर नाही. चौथ्या दिवशी संचिता आजोच्या पडवीत जाऊन बसली.

आजो म्हणाला, "माझो काय संबंध नाय. लिवन दिलंय."

संचिताने सांगितलं की कुणीतरी मटणात औषध कालवून ठेवलंय असं कानावर आलंय. पिंजऱ्यातून निदान जिवंत तरी जाईल.

भर दुपारी आजोने पाटी उचलली. त्यात बांगडे होते, वाट्याएवढेच. पिंजऱ्याच्या पलीकडे बसून त्याने हाक मारली, "ये गो. वाटो घे."

ती लगेच आली. पिंजऱ्यात शिरताना थांबलीसुद्धा नाही. दार पडल्यावरही तिने आधी बांगडे संपवले.

वनखात्याच्या पावतीवर मालकाच्या रकान्यात 'कोणी नाही' असं लिहिलं गेलं. गाडी चढावाला लागेपर्यंत आजो बघत उभा होता. मग वाळूने भरलेल्या पायांनी पंचायतीत आला आणि माझ्या समोर बसला.

"झिला, आता लिव," तो म्हणाला. "माझी म्हणान लिव."

मी नोंदणीचं पान उघडायला गेलो. पंधरा दिवस होऊन गेले होते. पान उघडत नव्हतं. तरी मी आजोला नाव विचारलं, वय विचारलं, आणि कोऱ्या फायलीत सगळं टाइप करत राहिलो.