छायाबाबाच्या तबकातलं पाणी

ती गेल्याचं कळलं तेव्हा मी एका गिऱ्हाइकाच्या शिलाई मशीनला तेल घालत होतो. फिल्म लॅबमधून फोन आला. माझी बायको तिथं केमिस्ट होती. रंग उडालेली सिनेमाची जुनी रिळं तिनं तीस वर्षं रसायनांनी उजळवली, आणि तिथंच टेबलापाशी कोसळली. मी मशीनचं काम पूर्ण केलं आणि मग निघालो. का, ते अजून सांगता येत नाही.

दोन महिन्यांनी मुलगी मला छायाबाबाकडे घेऊन गेली. हॉल गच्च भरलेला. बाबा कोरा कागद उलटसुलट दाखवी, "जीव कुठं जात नाही रे, नुसता दिसेनासा होतो!" म्हणत 'सिद्धजला'च्या तबकात बुडवी, की कागदावर माणूस उगवे. त्या दिवशी माझी बायको उगवली. मीही रडलो, खोटं कशाला सांगू?

कागद आमच्या हाती देत बाबा म्हणाला, "पोरी, हिचा जीव वह्यांत अडकलाय. पुढच्या बैठकीला घेऊन ये. जाळल्या की सुटेल."

तिच्या प्रयोगांच्या बावीस वह्या! मुलगी घरी येताच त्या पिशवीत भरू लागली. मी कागद दिव्याखाली धरला. खांद्यावर शिक्क्यासारखा अर्धगोल डाग होता.

"बाबाला आईचा फोटो दिला होतास?"

"ध्यानासाठी. ओळखपत्रावरचा."

"मग वरही शिक्के मारतात वाटतं?"

"पप्पा, तुम्हाला आई नकोच आहे!"

दुसऱ्या दिवशी मी लॅबमध्ये गेलो. कागद पाहून तिच्या हाताखालची केमिस्ट आधी हसली, मग समजावू लागली. "काका, छापलेला फोटो पाऱ्याच्या एका विषारी क्षारात बुडवला की पांढरा पडतो. हायपोत, म्हणजे फोटो पक्का करायच्या द्रावणात, घातला की परत दिसतो. हायपो आमच्याकडे बादल्यांनी असतो. मॅडमनीच शिकवलं होतं." तिनं एक बाटली भरून दिली.

पुढच्या बैठकीत बाबानं कागद उचलताच मी तो हातातून घेतला. "महाराज, तुमचं पाणी राहू द्या. आज माझं बघू."

घरून आणलेल्या परातीत बाटलीतला हायपो ओतून कागद बुडवला. मिशीवाले एक गृहस्थ वर आले.

"अगंबाई, आमचे हे!" मागून एक बाई ओरडली.

"मंत्राशिवाय आले," मी म्हणालो. "आता ज्याचा फोटोच कधी काढला नाही, असं माणूस आणा. माझी आजी आणा."

"तुझ्यात श्रद्धा नाही. ती येणार नाही."

"वा! पुसट झालेली चित्रं माझ्या बायकोनं जन्मभर परत आणली. कृती वहीत लिहून ठेवली, कुणालाही दाखवली. तुम्ही ती वहीच जाळायला निघालात!"

"खाली बसा हो!" कुणीतरी खेकसलं.

"आधी आजी आणा!" दुसऱ्यानं सुनावलं. हॉल हसला.

मुलगी वह्यांची पिशवी छातीशी धरून बाहेर पडली. रस्त्यावर म्हणाली, "म्हणजे आई आलीच नव्हती."

"नाही. फोटो आला होता."

हे सांगणं सगळ्यात जड गेलं. पण दुसऱ्या कुणाच्या तोंडून तिनं ते ऐकायला नको होतं.

गेलेलं माणूस दाखवतो म्हणणाऱ्याला आधी विचारा, तुझ्या पाण्यात काय आहे? डोळे भरलेले असले तरी विचारा. तो नेमकी तीच वेळ गाठून येतो.

वह्या कपाटात आहेत. बाबाचा हॉल अजून भरतो. मी पोलिसांत द्यायला तक्रार लिहून ठेवली आहे. हॉलमधल्या एकाचीही सही तिच्यावर अजून झालेली नाही.