न वाळणारं लुगडं

त्या मे महिन्यात रुपरावांना एका जागी बसवत नव्हतं. काटोल रस्त्याला लागून त्यांची संत्र्याची बाग, आणि लेक शामला उमरेडहून पहिल्या बाळंतपणाला आलेली. नागपूरचं ऊन काय असतं ते नागपूरकरालाच विचारावं. घर तापतं म्हणून त्यांनी बागेच्या मधोमध तिच्यासाठी खोपी घातली. सीताबर्डीच्या बाजारातून थर्मामीटर आणून फांदीला टांगलं. बाहेरच्या पडीक वावरापेक्षा इथे पारा आठ अंशांनी खाली असे, आणि रुपराव तो येणाऱ्याजाणाऱ्याला हात धरून दाखवत. तो पाहूनच शेजारच्या बाबारावांनी आपल्या म्हाताऱ्या आईची खाट स्वतःच्या बागेत हलवली होती.

झाडावर आंबिया बहाराची कोवळी फळं होती. पाणी तोडलं तर फळ गळणार, म्हणून मोटा दिवसभर चालत. आजूबाजूच्या बागांतही तेच. विहिरी इतक्या वाढल्या होत्या की या पट्ट्यातून ती कोरडी, भाजणारी लू गेलीच, असं लोक म्हणत. रुपरावांना तर ती आपणच हाकलली असं वाटे.

खोपीतल्या चौथ्या दुपारी शामला बरळायला लागली. अंग तव्यासारखं तापलेलं, घामाने निथळणारं. रुपराव कासावीस झाले. खोपीभोवती पाणी शिंपलं, तिच्यावर ओली चादर घातली. चादर घटकेत कोमट झाली. पुन्हा भिजवली, पुन्हा तेच. पारा बघितला, तर तो खालीच. मग पोरीला होतंय तरी काय? विहीर ते खोपी त्यांनी किती खेपा घातल्या, देव जाणे.

त्यांची बायको देवकी दोरीवरच्या आपल्या लुगड्याला हात लावून उभी होती.

"अजी, हे सकायपासून वाळत हाय. अजून ओलंच. इथली हवाच ओली. मंग पोरीचा घाम कसा वाळन? तिले पडीकात न्या."

"भर लूत? मारून टाकतं का वं तिले?"

देवकीने दोरीवरून लुगडं ओढलं. कुंपणाबाहेर जाऊन तिने ते बाभळीवर टाकलं. रुपराव दोन गुंड पाणी भरून येईतो ते वाळून फडफडत होतं.

रुपरावांनी ते हाताने चाचपून पाहिलं. मोटकरी कवडूला हाक मारून त्यांनी खाट उचलली आणि पडीकातल्या कडुनिंबाखाली ठेवली. झळ थेट तोंडावर आली. ज्या वाऱ्यापासून लेकीला जपलं, त्याच वाऱ्यात तिला आणून ठेवायचं! पण ते चादरीवर पाणी ओतत राहिले, वारा तिला वाळवत राहिला. अर्ध्या तासाने शामलाने डोळे उघडले.

"बाबा, मले थंडी वाजून राहिली."

रुपराव लहान मुलासारखे रडले. कवडूने हळूच विचारलं, झाडं सुकून राहिली, मोट जोडू का?

"जोड गा. पन ती खोपी आधी मोड," ते म्हणाले, आणि बोलता बोलताच त्यांना बाबारावांची आई आठवली.

डोक्यावर शेलाही न घेता रुपराव शेजारच्या बागेकडे धावत सुटले.