घरचा सिग्नल

बाबांचा हात गार पडला होता आणि उशाशी ठेवलेल्या पडद्यावर त्यांचा श्वास संथ चालू होता.

तिनं हात सोडला, पुन्हा धरला. नाकाशी बोट नेलं. काही नाही. हिरवी रेष मात्र काही घडलंच नसल्यासारखी वर जात होती, खाली येत होती. तिचं डोकं सुन्न झालं. आपलाच श्वास दिसत असणार, असं वाटून तिनं दम रोखला आणि खोलीबाहेर जाऊन दारातून पाहिलं. रेष चालूच.

प्रयोगशाळेत तिला सगळे 'पहारेकरीण' म्हणत. मिलिमीटर लहरींची रेडिओ यंत्रं घडवायची आणि परक्या सिग्नलला त्यांत पाऊल ठेवू द्यायचं नाही, यात तिची निम्मी हयात गेली होती. श्वास टिपणारी ही डबी तर तिची लाडकी. छतावरून लहरी सोडायची, छातीवर आपटून परतलेल्या तेवढ्या ओळखायची. शेजारच्या यंत्रांनी कितीही गोंगाट केला तरी ढिम्म. आतले धातूचे कप्पे, गाळण्या, अँटेना, सगळं तिनं स्वतः आखलेलं.

"दोन सख्ख्या डब्या शेजारी लावून बघितल्यास का गं?" सोबतच्या चष्मिस सहकाऱ्यानं एकदा विचारलं होतं.

"घरचं माणूस कशाला दंगा करेल?" ती हसून म्हणाली होती. तोही हसला आणि विषय तिथंच मिटला.

घरी तिनं दोन डब्या लावल्या. एक आजारी बाबांवर, दुसरी फळीच्या भिंतीपलीकडे आईच्या पलंगावर, कारण आईलाही अधूनमधून दम लागायचा. नोंदी जुळाव्यात म्हणून दोन्ही एकाच घड्याळाच्या तालावर बांधल्या. आणि काल आईला तिनंच पलीकडे पिटाळलं.

"अगं, मी इथंच बरी. यांना जरा काही झालं की मला जाग येते."

"आई, किती वर्षं डोळ्याला डोळा लागला नाही तुझा! त्यांचा श्वास चुकला तर ही डबी बोंब मारेल. माझ्यावर भरवसा नाही का?"

"तुझ्यावर नाही तर कुणावर ठेवू?" असं म्हणत आई उशी उचलून गेली.

आता सगळं उमगलं आणि ती जागच्या जागी थिजली. फळी या लहरींना अडवते थोडीच! पलीकडच्या डबीच्या लहरी आईच्या छातीवरून परतून इकडे घुसत होत्या. ताल एकच, म्हणून बाबांच्या डबीनं त्या आपल्याच समजून आत घेतल्या. बाबा कधी गेले? त्यांनी हाक मारली असेल का? तिला रडूही येईना. आपणच आईला त्यांच्यापासून उठवलं, एवढंच डोक्यात घण घालत होतं.

रेष एकदम उसळली. पलीकडे पलंग करकरला.

"काय झोप लागली गं!" आईचा आवाज आला, कितीतरी वर्षांत ऐकला नव्हता इतका ताजातवाना. "हे उठले का?"

खोटं बोलावं, निदान आईनं चूळ भरेपर्यंत तरी, असं एकदा मनात आलं.

"आई," ती म्हणाली, "बाबा गेले. मला कळलंच नाही."

पडद्यावर बाबांच्या नावापुढची रेष सपाट झाली आणि जरा वेळानं हळूच वर सरकली.