ऋजुताच्या अंगठ्याचा पट्टा

मित्रांनो, मी एक जुना पट्टा आहे. कमरेचा नव्हे, अंगठ्याचा. कोलशेतच्या एका छोट्या कारखान्यात मला शिवलं, पोटात पत्र्याची पट्टी घातली आणि दुखऱ्या अंगठ्याला हलू न देण्याचं काम नेमून दिलं. सोपं काम होतं. मला ते कुणी करू दिलं नाही.

डोंबिवलीच्या ऋजुताचा उजवा अंगठा मनगटाशी सुजला, तेव्हा मी तिच्या घरी आलो. ती दहावीत होती. दिवसभर क्लासचे पेपर सोडवायचे आणि विसावा म्हणून मोबाइल हातात घ्यायचा. तिथेही राबायचा तोच अंगठा. डॉक्टर म्हणाले, "हाताला पूर्ण विश्रांती द्या. नाहीतर दुखणं मुरेल."

ऋजुताला धास्ती वेगळीच होती. पाडव्याच्या स्वागतयात्रेसाठी चौकातली रांगोळी यंदा पहिल्यांदाच तिच्याकडे आली होती. "तोपर्यंत बरा होईल ना?" तिनं विचारलं. डॉक्टरांनी माझ्याकडे बोट दाखवलं. केवढा फुगलो होतो मी!

घरी मात्र तऱ्हाच निराळी. ती लिहायला बसली की तिची आई, सुहासिनीताई, मला सोडायच्या. "अगं, हे घालून स्पीड येत नाही. पेपर झाला की घाल." मोबाइल घेताना ऋजुता स्वतःच मला काढून फेकायची. पाहुणे आले की मात्र मी हमखास हातावर! "लिहून लिहून हात सुजला हो पोरीचा," सुहासिनीताई कौतुकानं सांगायच्या आणि पाहुणे माना डोलवायचे. आलो होतो औषध म्हणून, मला पदक करून टाकलं. फार चीड यायची, पण पट्ट्याचं ऐकतो कोण?

परीक्षा संपली, पाडवा आला. ऋजुता चौकात बसली. पहिलीच रेघ वाकडी गेली आणि चिमटीतला रंग भसकन सांडला. तिनं पुन्हा चिमूट भरली. पुन्हा तेच.

"आई, चिमूट धरवत नाहीये गं," ती रडत म्हणाली.

सुहासिनीताईंनी घाईघाईनं पिशवीतून मला काढलं. "हे घाल, हे घालून काढ!"

माझ्यात बांधलेला अंगठा वाकत नाही. तेच तर माझं काम. रांगोळी शेवटी दुसऱ्या मुलीनं काढली. ऋजुता डाव्या हातानं तिला रंगाच्या वाट्या देत बसली.

मित्रांनो, हात दुखला की थांबा. कुणी कौतुक केलं तरी थांबा. त्या दिवशी मी पहिल्यांदाच सकाळभर ऋजुताच्या हातावर होतो. कुणीही मला काढलं नाही. आता काढून तरी काय करणार होते?